हेडलाइटचा उजेड कुठे पडतो?

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. गावाशी त्यांची नाळ तुटलेली नाही. श्रावणातला कानबाईचा उत्सव असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो की लग्नसराई, कारखान्यातली पाळी संपवून रात्रीच गाडी काढायची आणि बार्डोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी करत कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्याकडे निघायचे, हा अनेक घरांचा शिरस्ता आहे. पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा क्रमांक ५३ असलेला हा राष्ट्रीय महामार्ग आहे. महाराष्ट्राच्या हद्दीतले त्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. कुठे कडेची पांढरी रेघ पुसलेली, कुठे वळणरस्ता, कुठे बंद पडलेला ट्रक मागे दिवा न लावता उभा. अशा रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला ‘समोरचे नीट दिसत नाही’ असे वाटले, तर ती तक्रार शंभर टक्के खरी आहे.

या तक्रारीवर अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात एक उपाय तयार असतो: झेनॉनचे किट, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘एचआयडी’. दोन बल्ब, दोन बॅलास्ट, थोडी वायर आणि तासाभराचे काम. जुना हॅलोजन बल्ब काढायचा, त्याच जागी झेनॉन बसवायचा, काच आणि रिफ्लेक्टर आहे तसेच ठेवायचे. गाडी दुकानाबाहेर आली की समोरची भिंत पांढरीशुभ्र उजळते आणि मालक समाधानाने घरी जातो. सुरतेतच नव्हे, तर पुणे, नाशिक, नागपुरातही हेच चालते. गरज खरी, पण हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे समजून घेतले पाहिजे, कारण नुसत्या दंडाच्या धाकाने हा प्रश्न सुटलेला नाही.

प्रथम झेनॉनच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणू. हे तंत्र उत्तम आहे. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत असलेला एच-४ हॅलोजन बल्ब डिपरवर ५५ वॅट वीज घेतो आणि साधारण १,००० ल्युमेन प्रकाश देतो. अप्परवर ६० वॅटमध्ये तो सुमारे १,६५० ल्युमेनपर्यंत जातो. कंपनीच्या गाड्यांत येणारा डी-२-एस जातीचा झेनॉन बल्ब अवघ्या ३५ वॅटमध्ये ३,२०० ल्युमेन देतो. त्यात तापून उजळणारी तार नसते. दोन इलेक्ट्रोडमधल्या सुमारे ४ मिलिमीटरच्या फटीत विजेची ज्योत पेटते. ती पेटवण्यासाठी क्षणभर वीस हजार व्होल्टहून अधिक दाब द्यावा लागतो, म्हणून बॅलास्ट लागतो. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये हे दिवे पहिल्यांदा आले. भारतात २०१५ च्या मारुती सुझुकी एस-क्रॉस आणि बलेनोच्या वरच्या श्रेणीत ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पुढे २०१९ मध्ये बलेनोत त्यांची जागा एलईडीने घेतली. तेव्हा झेनॉनमध्ये दोष आहे, असे कोणी म्हणत नाही. दोष आहे तो झेनॉनचा बल्ब हॅलोजनच्या घरात बसवण्यात.

हेडलाइट म्हणजे बल्ब, रिफ्लेक्टर आणि काच यांचे एकत्र आखलेले यंत्र असते. एच-४ बल्ब हातात धरून नीट पाहिला, तर आत दोन बारीक तारा दिसतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. त्या तारेचा खाली जाणारा प्रकाश ही वाटी अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो रस्त्याकडे, खाली वळतो. म्हणून डिपरवर गाडी भिंतीसमोर उभी केली की उजेडाची एक ठळक आडवी सीमा दिसते: वर अंधार, खाली उजेड. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ती सीमा उजव्या बाजूला सपाट राहते आणि डाव्या बाजूला तिरकी वर चढते. डावीकडचा पादचारी, मैलाचा दगड, रस्त्याची कड दिसावी आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये, अशी ही आखणी आहे. ती सगळी त्या तारेच्या नेमक्या जागेवर आणि आकारावर अवलंबून असते. मिलिमीटरभर फरक पडला तरी सीमा बिघडते.

झेनॉनची ज्योत तारेसारखी सरळ नसते. ती किंचित कमानदार असते, तिची चमकही सर्वत्र सारखी नसते. किटमधले बल्ब हॅलोजनच्या खाचेत बसावेत म्हणून त्यांना वेगळे बूड जोडलेले असते. अप्पर-डिपरसाठी काही किटमध्ये अख्खा बल्ब चुंबकाने मागेपुढे सरकवतात. अशा वेळी ज्योत नेमकी मूळ तारेच्या जागी येईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. आता दुप्पट-तिप्पट प्रकाश त्या रिफ्लेक्टरवर आदळतो आणि आखणीबाहेर पसरतो. झाडांच्या शेंड्यांवर, पुढच्या गाडीच्या आरशात आणि समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. चालकाने डिपर लावलेला असतो, तरी समोरच्याला तो अप्परच वाटतो. त्यावर समोरचाही रागाने अप्पर मारतो आणि दोघेही आंधळे होतात.

आंतरराष्ट्रीय नियमांनी ही अडचण पूर्वीच ओळखली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत झेनॉनच्या दिव्यासाठी नियम ९८ आणि त्याच्या बल्बसाठी नियम ९९ वेगळे आहेत. नियम ४८ नुसार, २,००० ल्युमेनहून अधिक प्रकाश देणारा बल्ब डिपरसाठी वापरला, तर दिव्याची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे आवश्यक ठरतात. मागे सामान भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि दिवा आकाशाकडे पाहू लागतो. काचेवर चिखल बसला की प्रकाश फुटून चहूकडे विखुरतो. इतक्या प्रखर दिव्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी चालकाच्या आठवणीवर सोडता येत नाहीत. दुकानातल्या किटमध्ये यांपैकी काहीच नसते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने हॅलोजनच्या दिव्यात झेनॉन बसवण्याचे किट मानकात बसूच शकत नाही, अशी भूमिका घेतली आहे. ब्रिटनमध्ये असा बदल केलेली कार वार्षिक तपासणीत नापास होते.

मग गाडीमालकाला जास्त दिसते, असे का वाटते? कारण गाडीच्या नाकासमोरचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा खरोखर लख्ख होतो. पण डोळ्याची बाहुली सगळ्यात उजळ भागाशी जुळवून घेते. समोरचा डांबराचा तुकडा चकाकला की बाहुली आकसते आणि शंभर मीटरवरची म्हैस अंधारात जाते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. त्या वेगाला पंधरा मीटरवरचा उजेड काहीही उपयोगाचा नाही. निळसर रंगाच्या ६,००० किंवा ८,००० केल्विनच्या बल्बचा आग्रह तर आणखी नुकसानीचा. कंपनीचा झेनॉन सुमारे ४,३०० केल्विनचा असतो. निळेपणा वाढवला की त्याच वॅटमध्ये उपयोगी प्रकाश घटतो आणि समोरच्याच्या डोळ्याला तो अधिक बोचतो. पावसात तर ओला रस्ता आरशासारखा वागतो. प्रकाश आपल्याकडे परत न येता पुढे सटकतो. आपला रस्ता काळा दिसतो आणि समोरचा दिपतो. श्रावणातल्या रात्री नेमके हेच घडते.

या प्रश्नात सर्वाधिक नुकसान कोणाचे होते, याकडे आम्हाला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. तीव्र प्रकाश डोळ्यात शिरला की तो आत विखुरतो आणि दृश्यावर पांढुरका पडदा पसरतो. तरुणाच्या डोळ्याला त्यातून सावरायला एक-दोन सेकंद लागतात, मोतीबिंदूची सुरुवात असलेल्याला बरीच जास्त. दोन सेकंदांत ताशी ८० ची गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. त्या ४४ मीटरमध्ये जो कोणी असेल, तो चालकाला दिसत नाही. बार्डोली परिसरात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. ऊसतोडीला येणारे बरेच मजूर डांग, नंदुरबार, धुळे भागातले असतात. ट्रॉलीमागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी असलीच तर धुळीने माखलेली असते. समोरून येणाऱ्या झगझगीत दिव्यांनी डोळे दिपलेला चालक त्या ट्रॉलीवर जाऊन आदळतो. ज्याच्या दिव्याने हे घडले, तो तोवर पुढे निघून गेलेला असतो. आपल्यामुळे मागे काय झाले, हे त्याला कधीच कळत नाही. म्हणूनच ‘मला तर काही त्रास झाला नाही’ हा युक्तिवाद इथे निरुपयोगी ठरतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. मृतांत सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४४ टक्के, दुचाकीवरच्यांचा होता. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग केले, तर सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत झाले. या साऱ्याचे खापर हेडलाइटवर फोडणे चूक ठरेल. पण अंधारात, दुचाकींच्या गर्दीत, आपण कोणता दिवा लावून निघतो हा प्रश्न किरकोळ नाही, एवढे हे आकडे नक्की सांगतात.

आपला कायदाही मोघम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढचा दिवा असा असावा, की दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. किंवा चालकाला त्याचा झोत तसा खाली वळवता आला पाहिजे. दीड मीटर म्हणजे साधारण दुचाकीस्वाराच्या डोळ्यांची उंची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. किट विकणारा हे सहसा सांगत नाही. दंड भरायची वेळ येते तेव्हा दुकानदार समोर नसतो.

तर मग रात्री दिसत नाही, त्याने करायचे काय? उपाय आहेत, आणि बहुतेक किटपेक्षा स्वस्त आहेत. त्यांचा क्रम मात्र पाळला पाहिजे.

पहिली गोष्ट काचेची. हल्लीच्या हेडलाइटची ‘काच’ प्लास्टिकची असते. सुरतेच्या उन्हात चार-सहा वर्षे काढली की ती पिवळट, धुरकट होते आणि निम्म्याहून अधिक प्रकाश अडवू शकते. शिवाय उरलेला विखुरते. पॉलिश करून वर संरक्षक थर दिला तर फरक त्याच रात्री दिसतो. चालकासमोरची काच आतून पुसणेही तितकेच महत्त्वाचे. आतल्या बाजूला बसलेला तेलकट थर समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती वलय उभे करतो.

दुसरी गोष्ट विजेची. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजला फार हळवा असतो. जुनाट वायर, गंजलेला कपलर, अर्थची सैल जोडणी यांमुळे बल्बपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज दहा टक्के कमी झाले, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी पडतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या कपलरवर व्होल्टेज मोजून घ्यावे. फरक जास्त निघाला, तर रिले आणि योग्य जाडीची वायर फ्यूजसह टाकावी. बल्ब त्याच ६०/५५ वॅटचा, पण नामांकित कंपनीचा, आणि दोन्ही बाजूंचा एकदमच बदलावा. बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. ‘शंभर-नव्वद’ वॅटचा बल्ब टाकण्याचा मोह टाळावा. त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि तोही नियमाबाहेरच आहे.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दिव्याचा रोख. सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा असताना, चालकाला बसवून गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपर लावल्यावर उजेडाची सीमा त्या खुणेच्या साधारण १० ते १२ सेंटिमीटर खाली असली पाहिजे. उजवीकडे सपाट, डावीकडे चढती. तशी नसेल तर दिव्यामागचे स्क्रू फिरवून ती जुळवता येते. डॅशबोर्डवर ० ते ३ असे आकडे असलेली एक चकती बऱ्याच गाड्यांत असते. पाच माणसे आणि डिकीत सामान असेल तेव्हा ती वरच्या आकड्यावर न्यायची असते. ती कशासाठी आहे, हे अनेक मालकांना गाडी विकेपर्यंत माहीत नसते.

इतके करूनही झेनॉनच हवा असेल, तर त्याचा एकच सरळ मार्ग आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीने झेनॉन दिला असेल, तर पूर्ण हेडलाइट, बॅलास्ट, उंची जुळवणारी यंत्रणा आणि तिचे सेन्सर यांसह अधिकृत केंद्रातून बसवावा. त्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी. हेडलाइट उघडून आत सुटा प्रोजेक्टर बसवून देणारे कारागीरही आहेत. त्यांतल्या काहींचे काम सुबक असते, पण कायद्याच्या दृष्टीने तोही बदलच. शिवाय त्यात एक मोठा धोका दडलेला असतो. बाजारातले अनेक प्रोजेक्टर उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनलेले असतात. त्यांची सीमा उजवीकडे चढते, म्हणजे आपल्या रस्त्यावर ती थेट समोरच्याच्या तोंडावर जाते. भिंतीवरची तीच परीक्षा हे क्षणात उघड करते. बॅलास्टची जोडणी दिवा चालू असताना हाताळणे जिवावर बेतू शकते, तेव्हा घरच्या घरी हा प्रयोग कोणी करू नये.

जे झेनॉनला लागू, तेच आज दुकानांत त्याची जागा घेणाऱ्या एलईडी बल्बला लागू आहे. तिथेही प्रश्न तोच: प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी आहे का, आणि सीमा टिकते का? जर्मनीने यावर एक शहाणा मार्ग काढला. २०२० पासून तिथे ठरावीक एलईडी बल्बना, ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांत, प्रत्यक्ष चाचणीनंतर परवानगी मिळू लागली. कोणता बल्ब कोणत्या गाडीत चालेल, याची यादी जाहीर असते. ग्राहकाला चांगला उजेड मिळतो आणि समोरचा दिपत नाही. भारतात अशी चाचणी करण्याची क्षमता आहे. पुण्यातली, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआय ही संस्था वाहनांच्या दिव्यांची चाचणी करतेच. केंद्राने तिला अशी यादी तयार करण्याचे काम द्यावे. आज कायदा फक्त ‘नको’ म्हणतो आणि बाजार फक्त ‘घ्या’ म्हणतो. ‘हे चालेल’ असे अधिकाराने सांगणारे कोणीच नाही, आणि त्या पोकळीत किटचा धंदा फोफावतो.

तपासणीतही अशीच पोकळी आहे. व्यावसायिक वाहनांना ठरावीक मुदतीत फिटनेस चाचणी द्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांची असते आणि त्या काळात तिचे दिवे कोणी अधिकृतपणे तपासत नाही. वाहतूक पोलिसांनी कधीकाळी हेडलाइटवर काळे ठिपके रंगवले, आता अधूनमधून दंडाच्या मोहिमा निघतात. दोन्हींचा परिणाम थोडे दिवस टिकतो. पहिले वर्ष सोडले तर खासगी गाडीला वर्षातून किमान एकदा पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणी, करून घ्यावी लागते. त्या केंद्रावर एक भिंत, तिच्यावर आखलेल्या रेघा आणि दोन मिनिटांची पाहणी, इतक्याने बहुसंख्य बिघडलेले दिवे पकडता येतील. पहिल्या वेळी दंड नको, दिवा जुळवून देण्याची सोय हवी. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी हे एकत्र करावे, कारण सुरतेची जीजे-०५ ची गाडी रात्री साक्रीत असते आणि धुळ्याची एमएच-१८ ची व्याऱ्यात.

सरकारकडे आणखी एक देणे आहे. कडेच्या पांढऱ्या रेघा, रात्री चमकणारे मार्कर, दुभाजकावरची झोत अडवणारी जाळी आणि उसाच्या प्रत्येक ट्रॉलीमागे परावर्तक पट्टी, एवढे झाले तर साध्या हॅलोजनच्या उजेडातही हा रस्ता वाचता येतो. साखर कारखान्यांनी पट्टी नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घ्यायचीच नाही असे ठरवले, तर एका हंगामात चित्र बदलेल. रस्ता दिसेनासा ठेवायचा आणि मग चालकाने प्रखर दिवा लावला म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हे न्यायाचे नाही.

पण रस्ता सुधारेपर्यंत मालकाची जबाबदारीही थांबत नाही. आपल्या दिव्याने आपल्याला किती दिसते, याइतकाच त्याने दुसऱ्याचे किती दिसेनासे होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चांगला हेडलाइट या दोन्ही प्रश्नांचे समाधानकारक उत्तर देतो. हॅलोजनच्या घरात कोंबलेला झेनॉन दोहोंतही नापास होतो. ज्यांनी तो बसवला आहे, त्यांनी मूळ बल्ब परत लावावा, काच स्वच्छ करून घ्यावी आणि रोख भिंतीवर तपासून घ्यावा. या कामाला एक संध्याकाळ पुरते.